मंगळावरून आलेलं स्थळ

माझ्या घरी येणाऱ्याच्या हातात पिशवी असली की मी माणसाआधी पिशवीकडे बघते. भाजीची पिशवी वेगळी लोंबते, मिठाईची वेगळी. दगडाची पिशवी सरळ खाली ओढलेली असते आणि चालताना माणसाच्या गुडघ्यावर आपटते. तशी दिसली की मी आत जाऊन चहा टाकते. दगड घेऊन आलेला माणूस लवकर उठत नाही, हे नोकरीनं मला शिकवलं आहे.

नोकरी भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवण्याची. विषयाला विद्यार्थी कमी, पण गिऱ्हाईक भरपूर. आमच्या विभागात दगडांनी भरलेली काचेची कपाटं होती आणि दारावर पाटी होती. जिल्ह्यात कुणाला वेगळा दगड सापडला की तो आमच्याकडे यायचा. मला नावानं फारसं कुणी ओळखत नसे. ‘दगडवाल्या मॅडम’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर फाटकाशी आणून सोडायचा.

तुमसरकडून मॅंगनीजचे काळे गोळे यायचे. वरठीकडून लोखंडाच्या भट्टीतली मळी यायची. वितळून थिजलेला तो काळा, फुगीर खडा बघून कुणालाही वाटावं की हा नक्की आभाळातून पडला. एकदा एक गृहस्थ अगदी लहान काचेची शिशी घेऊन आले. आत मुगाएवढा खडा. “मॅडम, हा कोणत्या जातीचा होय?” मी विचारलं, कुठं सापडला? ते जरा लाजले. म्हणाले, “माया पोटात जी. ऑपरेशन करून काहाडला.” मी तो भिंगाखाली धरला. खरं सांगते, फार देखणे स्फटिक होते. तसं म्हटल्यावर गृहस्थांची मान ताठ झाली. बायकोला फोन लावून तिथंच म्हणाले, “मॅडम म्हणतात, असा खडा सगळ्याइले नाही होत.” मी तसं म्हटलं नव्हतं, पण असो.

या वर्षी मोबाइलवर बातमी फिरली, की परदेशात मंगळावरून आलेल्या एका दगडाचा लिलाव झाला. झालं. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली तरी माझा फोन पुन्हा वाजायला लागला. या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं, की मॅडम, तुमच्याकडे कधी मंगळाचा दगड आला होता का? आला होता. म्हणजे तसं म्हणून आला होता. आणि दगड म्हणून नव्हे, नवरदेव म्हणून आला होता.

ते सांगण्याआधी मंगळाचा दगड म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगून टाकते. मंगळावर कधीतरी मोठा धोंडा आदळतो आणि तिथल्या जमिनीचे टवके उडतात. काही इतक्या जोरात उडतात की परत खाली येतच नाहीत. लाखो वर्षं अंतराळात भटकतात आणि त्यातला एखादा आपल्याकडे पडतो. तो मंगळाचाच, हे कळतं कसं? काही दगडांत त्या तडाख्यानं वितळून काच झालेली असते आणि काचेत हवा अडकलेली असते. मंगळावर उतरलेल्या यानांनी तिथली हवा मोजली आहे. ती आणि ही जुळते. माणूस कुठल्या गावचा, हे त्याच्या श्वासावरून ओळखावं, तसं आहे ते. बिहारात गयेजवळ शेरघाटी नावाचं गाव आहे. दीडशे-एक वर्षांपूर्वी तिथं असा दगड पडला, आणि आज जगभर त्या जातीच्या दगडांना त्याच गावाचं नाव आहे. मी दरवर्षी हे वर्गात रंगवून सांगायची. पोरं विचारायची, “मॅडम, परीक्षेले आहे का?”

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. धानाची कापणी आटोपली होती. दुपारी विभागात मी आणि गोमाजी दोघंच होतो. गोमाजी आमचे प्रयोगशाळेतले परिचर. माणूस प्रेमळ. दसऱ्याला कपाटातल्या एकेका दगडासमोर झेंडूचं फूल ठेवायचे, आणि चहा मात्र प्रयोगशाळेच्या बर्नरवर, काचेच्या चंबूत करायचे. तर दारात एक शेतकरी उभे. पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा. डबा सरळ खाली ओढलेला.

“दगडवाल्या मॅडम तुमीच का जी?”

ते अड्याळजवळच्या एका खेड्यातले देवाजी. डबा उघडला. आत लाल फडकं, फडक्यात नारळाएवढा काळा दगड, आणि दगडाला हळद माखलेली.

“याले हळद कायले लावली?” मी विचारलं.

“आता नवरदेव म्हटल्यावर हळद लागनच नं मॅडम,” देवाजी म्हणाले.

गोमाजींनी चंबू खाली ठेवला.

हकीकत अशी. देवाजींची मुलगी प्रणाली गावच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होती. हुशार, कामाला वाघीण, पण पत्रिकेत कडक मंगळ. आलेली स्थळं चहा पिऊन, पत्रिका बघून, चपला घालून परत जात. मग तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशीन चालवणारा निखिल नावाचा मुलगा त्यांच्या गावात नातेवाइकांकडे आला. त्याला तिथं कुत्रं चावलं. इंजेक्शनं प्रणालीनं दिली. पोरगा तुमसरहून प्रत्येक इंजेक्शनाला वेळेवर हजर. सगळी संपल्यावरही एक दिवस आला आणि विचारू लागला, “सिस्टर, अजून एखादं राहिलं असन तर पाहा नं.” तिथं सगळ्या उपकेंद्राला कळलं.

निखिलला आई नव्हती. भागरथाबाई नावाच्या विधवा आत्यानं त्याला वाढवलं होतं, आणि आत्यानं मंगळाचं नाव ऐकताच लग्नाला साफ नकार दिला होता.

“अन् मंग हा पडला,” देवाजी दगडाकडे बोट दाखवून म्हणाले. “दुपारी खळ्यात धानाचा चुरणा चालू होता. ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला. पाहतो तं गुराइच्या कोठ्याचा पत्रा फुटला, अन् हा ढेपेच्या टोपल्यात बसून. म्हैस बाजूले उभी राहून त्याले पाहून राहिली.”

आता इथं माझ्या धंद्यातली एक खूण सांगते. आभाळातून दगड पडला म्हणून सांगणारा माणूस हमखास सांगतो, की दगड लालबुंद होता, धूर निघत होता, हात लावला तर फोड आला. मी देवाजींना विचारलं, “हातात घेतला तेव्हा गरम होता?”

“नाही जी. थंडा होता. माठावाणी.”

मी ताठ बसले. खरा दगड वरच्या वरच भाजतो, आतून थंडच असतो, आणि खाली येईपर्यंत बाहेरूनही निवतो. हे न वाचलेला माणूस ते सांगतो म्हणजे बहुतेक त्यानं ते पाहिलेलं असतं.

पण देवाजींचं लक्ष दगडाच्या तापमानात नव्हतं. त्यांच्या गावी पंचांग बघणारे एक तरुण महाराज होते. त्यांनी दगड पाहून सांगितलं, की मंगळच पोरीला न्यायला घरी आला आहे. मंगळाच्या मुलीचं आधी मातीच्या कुंभाशी लग्न लावतात, म्हणजे दोष त्या कुंभावर जातो. इथं कुंभ कशाला, साक्षात मंगळाचा तुकडा आहे. प्रणालीचं आधी दगडाशी लग्न लावावं आणि मग निखिलशी. आत्याबाईसुद्धा एवढ्यावर तयार झाल्या होत्या. पण बाई पक्क्या. त्या म्हणाल्या, दगड मंगळाचाच आहे हे कोणी जाणत्या माणसानं सांगितलं पाहिजे. उद्या तो चंद्राचा निघाला तर?

“तं तुमी तेवढं सांगा,” देवाजी म्हणाले.

मुलाकडची चौकशी करायला लोक त्याच्या गावी जातात, शेजाऱ्यांना विचारतात, ऑफिसात फोन लावतात. इथं मुलाचं गाव कोट्यवधी किलोमीटरवर. मी म्हटलं, आठवडाभर दगड राहू द्या. आणि हळद लावू नका आता.

देवाजी गेल्यावर मी चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नेला. चुंबक झटक्यात दगडाकडे वळला. गोमाजी म्हणाले, “नवरदेव पसंत आहे मॅडम.” दगडाचा बाहेरचा थर पातळ, काळा, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. मळीत असतात तसली भोकं कुठंच नाहीत. एका कोपऱ्याचा लहानसा टवका मी काढला (“नख कापलं,” गोमाजी) आणि घासून भिंगाखाली धरला. आत करड्या रंगात चकाकणारे लोखंडाचे बारीक कण, आणि सगळीकडे राजगिऱ्याच्या लाडवात असावेत तसे गोल गोल दाणे.

आयुष्यभर मळी आणि मॅंगनीज परत पाठवणाऱ्या बाईच्या टेबलावर खरा आकाशातला दगड होता. मी गोमाजींना हाक मारली. मग दगडावर कपाळ टेकलं. त्यांना वाटलं मला चक्कर आली, म्हणून त्यांनी चंबूतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. चंबू चहाचा होता.

तर दगड खरा. पण मंगळाचा नव्हता. ते गोल दाणे मंगळाच्या दगडात नसतात, आणि मंगळाचा दगड चुंबकाला असा धावत जात नाही. हे दाणे ग्रह तयार होण्याआधीचे असतात. असे दगड येतात ते मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये जो लहान-मोठ्या धोंड्यांचा पट्टा आहे, तिथून. पृथ्वीपेक्षाही म्हातारा माल. मला तर मंगळापेक्षाही त्याचंच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रणाली एकटीच आली. ड्यूटीवरून थेट, साडीवर पांढरा कोट. ती दगडासमोर बसली.

“मॅडम, मंगळाचा आहे म्हणून सांगून द्या,” ती म्हणाली. मग लगेच, “नाही. नका सांगू. मंगळाचा म्हणान तं साऱ्या गावासमोर मले याले हार घालावा लागते. जेवढ्या लेकराइले मी डोज पाजला तेवढे सारे पाहाले येतीन. अन् मंगळाचा नाही म्हणान तं आत्याबाई निखिलले घेऊन चालल्या. दोन्हीकडून मीच.”

“जे आहे तेच मी सांगणार,” मी म्हटलं.

“काय आहे मंग?”

“आठवड्यानं सगळ्यांना घेऊन या. सगळ्यांसमोर सांगेन.”

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, “लगीन झाल्यावर याले तलावात सोडाचं आहे, हे बाबानं सांगितलं का तुमाले?”

नाही, बाबांनी सांगितलं नव्हतं. कुंभविवाह झाला की कुंभ पाण्यात सोडतात. तोच नियम नवरदेवाला. म्हणजे सूर्यमालेइतका जुना दगड, माझ्या उभ्या नोकरीतला पहिला, अक्षता डोक्यावर घेऊन गावतलावातल्या गाळात जाणार! ढिवरांनी जाळी टाकून शोधला तरी त्या गाळातून वर येणार नाही. असे दगड सरकारच्या भूवैज्ञानिक खात्याकडे द्यायचे असतात, तिथं त्यांचा नीट अभ्यास होतो. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. मंगळाचा नाही म्हटलं तर दगड वाचत होता आणि पोरीचं लग्न बुडत होतं. खोटं बोलायचं नव्हतंच. पण खरं बोलून माझाच फायदा होतो, हे मनाला टोचत होतं.

ठरल्या दिवशी सगळे आले. देवाजी, प्रणाली, तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून निखिल, सडपातळ आणि गप्प. महाराज हातात मोठा मोबाइल घेऊन. त्यांचं पंचांग त्यातच होतं. आणि मधल्या खुर्चीत भागरथाबाई. नऊवारी, कपाळ मोकळं, पाठ अशी सरळ की तिच्यावर आमचा जिल्ह्याचा नकाशा टांगता आला असता. टेबलावर दगड. गोमाजींनी त्याच्याखाली स्वतःहून धुतलेला रुमाल घातला होता.

“बोला मॅडम,” महाराज म्हणाले. “मंगळाचाच होय नं?”

“दगड आकाशातला आहे,” मी म्हटलं. देवाजींनी हात जोडले. “पण मंगळाचा नाही.”

आत्याबाई उठल्याच. “झालं. ऊठ रे निखिल.”

प्रणालीनं मान खाली घातली. मला राहवलं नाही. मास्तरीण शेवटी. खडू घेऊन फळ्याकडे गेले आणि म्हटलं, “बसा जरा. तो कुठला ते तरी ऐकून जा.” सूर्य काढला, पृथ्वी काढली, मंगळ काढला, लांब गुरू काढला. मधल्या जागेत टिंबं मारली. “हा इथला. मंगळ आणि गुरूच्या मधला.”

“कोण?” महाराज ताडकन म्हणाले. “मंगळ अन् कोण?”

“गुरू.”

महाराजांनी मोबाइलवर बोटं फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. “आत्याबाई, बसा! गुरू म्हणतात मॅडम! लग्नाले दुसरं काय लागते? गुरुबळ! हा दगड मंगळाले सोडून गुरूच्या दिशेनं निघाला होता, अन् मधातच पोरीच्या घरी उतरला. विज्ञानानं सांगितलं, मी नाही सांगून राहिलो!”

“महाराज,” मी म्हटलं, “तो कुणाला सोडून कुणाकडे निघाला नव्हता. आणि त्या गुरूचा लग्नाशी काही संबंध नाही.”

“मॅडम, दगडाचं काम तुमचं, ते तुमी केलं,” महाराज नम्रपणे म्हणाले. “संबंधाचं काम मायं.”

आत्याबाई हळूहळू परत बसल्या. महाराजांनी तिथल्या तिथं मुहूर्त काढायला घेतला. दगडाशी लग्न सकाळी, लगेच तलावात विसर्जन, दुपारी निखिलशी लग्न, मग जेवणं.

“विसर्जन नाही करता येणार!” माझा आवाज चढला. “तो सरकारला द्यायचा असतो.”

“सरकारले दुसरा काळा दगड देऊन टाका. कोणाले समजते?”

“मला समजतं!”

गोमाजी कोपऱ्यातून म्हणाले, “मले बी समजते.” त्यांना समजत नव्हतं, पण त्या क्षणी मला फार आधार वाटला.

तेवढ्यात प्रणाली बोलली. मोठ्यानं नाही, उपकेंद्रात म्हाताऱ्यांना गोळ्या समजावून सांगावं तशा आवाजात. “मी दगडाशी लगीन नाही लावणार.”

“पोरी, आता गुरू आला नं,” देवाजी काकुळतीला आले.

“गुरू येऊ दे का शुक्र येऊ दे. मी नाही लावणार, बाबा.”

देवाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मग आतापर्यंत एक शब्द न बोललेला निखिल म्हणाला, “मी लावतो जी.”

सगळे त्याच्याकडे वळले.

“काय लावतो?” आत्याबाईंनी विचारलं.

“लगीन. दगडासंग. दोघांपैकी एकानं लावलं तं चालन नं महाराज? मिलमध्ये मायं कामच तांदळातले दगड काहाडाचं आहे. मले सवय आहे.”

तो हे थट्टेनं म्हणत नव्हता. कपाळावर घाम होता बिचाऱ्याच्या. महाराज मोबाइलमध्ये शोधायला लागले. पुरुषानं दगडाशी लग्न लावण्याबद्दल त्यात काही सापडेना.

आत्याबाई कडाडल्या, “येडा झाला का रे? आधी दगडासंग अन् मंग पोरीसंग? मांडवात उभा राहाच्या आधीच तू बिजवर! लोक म्हणतीन, याची पहिली बायको दगड होती! कोणत्या तोंडानं सांगू मी चार लोकाइले?”

प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं. “अन् मी लावलं असतं, तं मी कोण झाले असते, आत्याबाई?”

आत्याबाई दगडाकडे बघत बसल्या. इतका वेळ, की गोमाजींनी चहा केला, तो सगळ्यांना काचेच्या पात्रांतून दिला आणि महाराजांचा पिऊनही झाला. शेवटी त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

“महाराज, साधी पूजा करून टाका. लगीन-बिगीन नोको.”

“पण आत्याबाई, शास्त्रात...”

“शास्त्र मले नोका सांगू. म्या पाहून घेतलं आहे ते.” त्यांचा आवाज वेगळाच लागला. “फूल वाहा दगडाले, अन् मॅडमले देऊन टाका. पोरीले मी नेतो.”

देवाजी रडायला लागले. निखिलनं चहाचं पात्र हातातून पाडलं. सरकारी काच होती, पण मी काही बोलले नाही. महाराज खिशातून कुंकवाची पुडी काढायला लागले तेव्हा मात्र मी ओरडले, “कुंकू नको! त्याचं रासायनिक पृथक्करण व्हायचंय!”

दगड खात्याकडे गेला. रीतसर तपासणी झाली, आणि मी म्हटलं होतं तेच निघालं. काही आठवड्यांनी तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजात धाप. “मॅडम, नमुन्याच्या पृष्ठभागावर सेंद्रिय संयुगं सापडलीत.” मी कागद-पेन ओढलं. आकाशातल्या दगडावर सेंद्रिय पदार्थ म्हणजे जीवसृष्टीचा कच्चा माल; त्याच्या शोधात लोकांची आयुष्यं जातात. “कोणती?” मी विचारलं. तो थोडा घुटमळला. “हळदीत असतात ती.” मी म्हटलं, नवरदेव आहे तो, एवढं चालायचंच. त्यानं फोन ठेवून दिला. बहुतेक रेंज गेली असावी.

खंत एकच. मंगळाचा दगड मी आजवर हातात धरलेला नाही. आता धरेन असंही वाटत नाही. पण तो गोल दाण्यांचा करडा दगड अजून डोळ्यांसमोर येतो, आणि गुरुबळाची गोष्ट गावात विज्ञानाच्या नावावर अजून सांगितली जाते, हेही कानावर येतं. मी दुरुस्त करायला गेले तर लोक म्हणतात, “मॅडम, तुमीच तं फळ्यावर काहाडून दाखवलं.”

लग्नाला मी आणि गोमाजी गेलो. मांडवात शिरताना वाढप्यानं विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे? गोमाजी म्हणाले, “दगडाकडचे.” वाढप्यानं आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. दगड हजर राहू शकत नव्हता, म्हणून देवाजींनी त्याचा फोटो मोठा करून, फ्रेम करून, वर हार घालून स्टेजजवळ ठेवला होता. हारामुळे घोटाळा झाला. बाहेरगावचे पाहुणे फोटोपुढे क्षणभर थांबत, हात जोडत आणि देवाजींना हळूच विचारत, “कधी गेले?”

जेवताना माझ्या शेजारी येऊन बसल्या भागरथाबाई. बुंदीचं पातेलं त्यांनी वाढप्याकडून स्वतःकडेच घेतलं होतं. मला वाढलं, स्वतःला वाढलं. मग मांडवाकडे बघत म्हणाल्या, “मले बी मंगळ होता जी.”

मी घास खाली ठेवला.

“माया बापानं मायं लगीन आधी पिंपळासंग लावलं. लहानसा होता तो तवा, माया कमरेएवढा. साऱ्या गावातले पोट्टे हासले होते मले. मंग मालक केले. मालक भला माणूस होता. लगीन होऊन साल-दीड साल झालं अन् तापानं गेले.” त्यांनी बुंदी बोटानं सारखी केली. “लोक म्हणे, मंगळ. मी म्हणो, मंगळ तं पिंपळावर गेला होता नं?”

“आणि पिंपळ?”

“पिंपळ आहे नं!” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मोठा झाला. तुमसरच्या रस्त्यावर, मायाच माहेरच्या गावाजवळ. मागं रस्ता रुंद कराले मशीन घेऊन आले होते. मी जाऊन बुंध्याले पाठ लावून बसलो. साहेब म्हणे, बाई, बाजूले व्हा. मी म्हटलं, हा नवरा होय माया. लग्नाचा. साऱ्या गावाच्या साक्षीनं. एकदा विधवा केलं मले देवानं, दुसऱ्यांदा तू करतं का? लाव हात.”

“मग?”

“साहेब नवा होता. घाबरला. रस्ताच वळवला त्यानं.” त्यांनी माझ्या ताटात आणखी बुंदी घातली. “आता येणारा-जाणारा शिव्या देते, सरळ रस्त्यात मधातच वळण काहून देल्लं म्हणून. मी सांगत नाही कोणाले.”

मध्यंतरी तुमसरला जायचं काम निघालं. सपाट, सरळ रस्ता, आणि एका ठिकाणी कारण नसताना गाडी डावीकडे वळली. ड्रायव्हर वैतागून काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, “हळू घ्या जरा. आमच्या निखिलचे आतोबा आहेत इथं.”

त्यानं गाडी हळू केली, मान बाहेर काढून इकडे तिकडे पाहिलं.

“कुठं जी? इथं तं पिंपळच आहे.”